बागेचं पाणी जूनमध्ये ठरतं

लंडनमध्ये वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो आणि पुण्यात 700 च्या आसपास. तरीही तिथली हिरवळ बारा महिने हिरवी आणि आपली मे महिन्यात टँकरवर जगते. तिथला पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत राहतो, ऊनही मवाळ. आपल्याकडचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि पुढचे आठ महिने आभाळ जवळजवळ कोरडं. लॉनची हौस तिकडच्या हवेत जन्मली, ती तिथे शोभते. आपण मात्र बंगला बांधून झाला की ट्रकभर लाल माती पसरतो, गवताच्या लाद्या आणून अंथरतो आणि पुढे दिवाळीपासून मृगापर्यंत नळी हातात धरून उभे राहतो.

याचा हिशेब एकदा मांडून बघावा. वैशाखाच्या उन्हात गवताला दर चौरस मीटरमागे रोज पाच लिटर पाणी सहज लागतं. म्हणजे गुंठाभर लॉनला रोज 500 लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी सरकारने धरलेलं प्रमाण माणशी 135 लिटर आहे. चौघांच्या घराचे झाले 540. एका कुटुंबाचं पूर्ण दिवसाचं पाणी ते गवत पिऊन टाकतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, तेव्हा पहिल्या फेरीत सुमारे 5 लाख लिटर पाणी गेलं. एका शहराची तहान भागवायला निघालेलं ते पाणी अशा हजार लॉननी एका दिवसात संपवलं असतं. हा आकडा काढल्यापासून दुपारी बारा वाजता फिरणारं स्प्रिंकलर दिसलं की मला फार वाईट वाटतं.

बागच करू नका, असं माझं मुळीच म्हणणं नाही. घरापुढे झाड हवं, फूल हवं, पोरांना लोळायला गवताचा एक तुकडाही हवा. सोडायचा आहे तो बाग वर्षभर हिरवीगार दिसलीच पाहिजे हा हट्ट. आपल्या मुलखातल्या झाडांनी या कोरड्या महिन्यांशी कधीच जुळवून घेतलंय. पळस, पांगारा, काटेसावर पानं झाडून टाकतात आणि ऐन कोरड्यात फुलतात. बहावा चैत्र-वैशाखात पिवळ्या झुंबरांनी भरून जातो. धायटीचं झुडूप माघ-फाल्गुनात लालभडक होतं आणि शिंजीर पक्षी त्यावर दिवसभर लोंबकळत असतात. ही धायटी बंगल्यांच्या बागांत इतकी कमी का दिसते, हे मला खरंच कळत नाही. परदेशी झाडांबद्दल माझी तक्रार नाही. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, पण पाणी कमी केलं तर उलट जास्त फुलते. आणि गवतच हवं असेल तर आपली हरळी आहे. शेतकऱ्याला ती नकोशी, कारण काही केल्या मरत नाही. उन्हाळ्यात पिवळी पडते, मेल्यासारखी दिसते आणि पहिल्या वळवाच्या सरीनंतर आठवडाभरात पुन्हा पोपटी होते.

आता पाचोळ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण पाण्याची सर्वांत मोठी बचत तिथे आहे आणि सर्वांत जास्त विरोधही तिथेच होतो. अंगण लख्ख झाडलेलं हवं, पान दिसता कामा नये, ही आपली स्वच्छतेची कल्पना. ती अंगणापुरती ठीक, झाडाच्या बुडाशी नको. आमच्या आंब्याखाली चार बोटं जाडीचा पाचोळा पसरलेला असतो. मे महिन्यात भर दुपारी तो हाताने बाजूला केला, तर वरची पानं पापडासारखी कडकडीत आणि चटका देणारी. त्याखालची मऊ, एकमेकींना चिकटलेली, बुरशीचे पांढरे धागे पसरलेली. त्याही खालची माती काळी, बोटांना गार लागणारी. मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो. तिथून दोन हातांवर उघडी जमीन आहे. तीच माती, तेच ऊन, पण तिथे बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्याकडे संपत्ती म्हणून बघायला शिकवलं, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. तरी अजून संध्याकाळी कॉलनीत पानं जाळल्याचा वास येतोच. पाचोळा पसरताना खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे साल कुजत नाही. घराच्या भिंतीला तो टेकू देऊ नये. वाळवीची धास्ती असणाऱ्यांनी तर हे नक्कीच पाळावं.

पाणी घालायची आपली पद्धतही जरा तपासायला हवी. खोडाला लागून परातीएवढं आळं करायचं आणि रोज नळीने ते भरायचं, असं बहुतेक घरी चालतं. पण मोठ्या झाडाच्या पाणी शोषणाऱ्या बारीक मुळ्या खोडाजवळ कमी असतात. त्या फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेल्या असतात. आळं तिथे, घेराच्या कडेने गोल काढावं. रोज शिंपडलेलं पाणी वरची दोन बोटं माती भिजवून उन्हात उडून जातं, मुळ्याही मग वरच घुटमळत राहतात. आठवड्यातून एकदा, पण खोलवर मुरेल असं घातलं तर त्या खाली उतरतात.

लहान रोपांना मडक्यासारखी सोय नाही. कुंभाराकडचं साधं, रंग न दिलेलं मडकं रोपाच्या शेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकणी ठेवायची. माती सुकेल तसं ते पाझरतं, ओल असेल तर थांबतं. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही रीत सांगितलेली आहे. फक्त घरातला जुना माठ यासाठी वापरू नये, क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात.

आपल्या जुन्या घरांत न्हाणीचं पाणी परसात उतरायचं आणि तिथे केळ, अळू, कर्दळ पोसली जायची. बागेसाठी वेगळं पाणी काढायची पाळी येत नसे. आजही बंगल्यात एका पाइपाची दिशा बदलून हे जमतं, मात्र तिथे पालेभाजी लावू नये आणि ब्लीचिंगचं पाणी वेगळं काढावं. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र रोज कुंडीत ओतू नका. त्यात क्षार जास्त असतात, ते मातीत साठत जातात. फरशी पुसायला ते चांगलं. एसीचं ठिबकणारं पाणी कुंड्यांना चालतं.

मात्र हे सगळे उपाय मे महिन्यातले आहेत. बाग मे महिन्यात किती पाणी मागणार, हे आदल्या जून-जुलैमध्ये ठरलेलं असतं. 100 चौरस मीटर गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर 70,000 लिटर पाणी होतं. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला तरी 56,000 उरतात. हे पाणी जातं कुठे? पाइपातून खाली, तिथून पेव्हिंग ब्लॉकवरून फाटकाकडे आणि फाटकातून गटारात. एवढ्या पाण्याला घराच्या आवारात मुरायला हातभरही उघडी जागा आपण ठेवत नाही, आणि जानेवारीत बोअरला पाणी कमी झालं म्हणून आणखी खोल जायचा विचार करतो.

ही तयारी मृग लागायच्या तीनेक आठवडे आधी करावी. गच्चीचा पाइप कुठे उतरतो ते एखाद्या रविवारी बघून ठेवा. प्लंबरला सांगून तो बागेच्या बाजूला वळवून घ्या आणि घराच्या पायापासून लांब, उताराच्या बाजूला दगड-विटांचे तुकडे भरलेला एक शोषखड्डा घ्या. पहिल्या एक-दोन पावसांत गच्चीवरची धूळ वाहून जाऊ द्या, मग पाणी आत सोडा. गाडी जिथे उभी राहत नाही तिथले ब्लॉक उचलून टाका. तिथेच, जमीन नीट भिजल्यावर, बहाव्याचं किंवा धायटीचं रोप लावा. पुरुषभर उंचीचं महागडं झाड नको, गुडघ्याएवढं पुरे, ते लवकर मूळ धरतं. पहिले दोन उन्हाळे त्याच्या शेजारचं मडकं भरत राहावं लागेल. एकदा मुळं खोल गेली की त्याला वरून पाणी द्यायची फारशी गरज राहत नाही, आणि ते मडकं काढून पुढच्या रोपाला देता येतं.