दार किती वाजता बंद होतं?

सहलीचे नाव काढले की शाळेत पहिला प्रश्न निघतो जेवणाचा आणि दुसरा खिडकीजवळच्या जागेचा. गेल्या जानेवारीत मात्र वेगळेच झाले. दहावीच्या मुलींना पुण्याला नेऊन मुलींचे कॉलेज दाखवून आणावे, असे मी बोलून बसले आणि आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, कॉलेज बघून काय करायचंय? शनिवारवाडा दाखवा. निदान परीक्षेत तरी येतो!"

त्यांचेही खरेच. पण आमचे तालुक्याचे गाव. इथल्या बहुतेक मुलींनी कॉलेज पाहिलेले असते ते सिनेमात. दहावीनंतर काय, असे विचारले की निम्मा वर्ग "बघू" म्हणतो. आता या 'बघू'त बघणारी ती मुलगी कधीच नसते. वडील असतात, काका असतात, एखादे स्थळही असते. तेव्हा एकदा मुलींनी आपल्या डोळ्यांनी बघावे, एवढाच माझा बेत होता.

एस. टी.ची गाडी प्रासंगिक करारावर ठरली. ४१ संमतिपत्रे सह्या होऊन आली. बेचाळिसावे आले नाही. त्याऐवजी त्या मुलीचे वडीलच आले. गावात त्यांची पिठाची गिरणी. भुवयांवरचे पीठ न झटकताच ते म्हणाले, "बाई, सही करत नाही. मीच येतो बरोबर. बारावी झाली, अठरा पुरी झाली, की लग्न करून द्यायचंय तिचं. उगाच डोक्यात काही भरायला नको."

खोटे कशाला सांगू, मला राग आला. पण गाडीत जागा होती. म्हटले, या.

पुण्यात आम्ही गेलो ते कर्वेनगरला. जुन्या लोकांच्या तोंडी ते अजून हिंगणेच. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी काढलेला आश्रम १९०० साली इथे आणला. रावबहादूर गोखल्यांनी जमीन दिली होती. तिच्यावर एक झोपडी उभी राहिली. ती आजही जपून ठेवलेली आहे. मुली आत डोकावल्या आणि एक जण हळूच म्हणाली, "बाई, आमचा गोठा याच्याहून मोठा आहे!"

मी त्यांना सांगितले, की अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि काम आटोपले की चार मैल चालत इकडे येत. पावसाळ्यात वाट म्हणजे नुसता चिखल. चालण्याची सवय मात्र जुनी. लहानपणी मुरुडहून घाट ओलांडून परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले, तर "तू वयाने लहान दिसतोस" म्हणून त्यांना परत पाठवले. हे ऐकून मुली चुकचुकल्या. परीक्षेचे दुःख त्यांना चटकन कळते. त्या मुलाने पुढे महिला विद्यापीठ काढले, १९५८ साली 'भारतरत्न' मिळवले आणि तो १०४ वर्षे जगला, हे ऐकल्यावर कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

झोपडी आहे त्याच आवारात १९९१ पासून मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या कार्यशाळेत पाऊल टाकले आणि आमच्या बोलक्या मुली गप्प झाल्या. खाकी अंगरखे घातलेल्या मुली लोखंडाचे तुकडे कानशीने घासत होत्या. त्यांच्यातली एक आम्हांला म्हणाली, "कुणी करून बघणार?" आमच्याकडे नुसते हसणे आणि एकमेकींना पुढे ढकलणे. तेवढ्यात गिरणीवाल्यांची मुलगी पुढे झाली. तिने कानस हातात घेतली, पाय रोवले आणि ती अशी घासू लागली, की ती विद्यार्थिनी बघतच राहिली. "कुठे शिकलीस?"

उत्तर वडिलांनी दिले, तेही काहीशा संकोचाने. "गिरणीचा पट्टा सुटला तर तीच चढवते. मोटारीचा आवाज बदललेला मला नाही कळत, तिला कळतो."

परतताना एका मुलीने विचारले, "बाई, पण मुलींचं वेगळं कॉलेज कशाला?" प्रश्न चांगला होता, आणि नवा नव्हता. १९१६ साली अण्णांनी विद्यापीठ काढले, तेव्हा शिक्षण मातृभाषेतून असावे आणि त्यात गृहजीवनाचे व आरोग्याचे विषय असावेत, असा त्यांचा आग्रह होता. मुलींना शिकवायचे तर मुलांसारखेच का नको, असे म्हणणारेही तेव्हा होतेच. मी तिलाच उलट विचारले, "आपल्या प्रयोगाच्या तासाला परीक्षानळी कोण धरतं?"

"मुलं."

"आणि वही?"

ती हसली. "आम्ही."

"इथे दुसरं कोणी धरायलाच नाही. म्हणून नळी मुलींच्याच हातात येते." मिश्र कॉलेजात मुली शिकत नाहीत असे मला मुळीच म्हणायचे नाही, उत्तम शिकतात. पण काहींना पहिले पाऊल टाकायला असे अंगण लागते, आणि काहींच्या वडिलांना तर नक्कीच लागते.

हे मला कळले ते शेवटी. निघताना गिरणीवाले वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीशी बोलत होते. दिवसभरात त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं?" मी मनात म्हटले, झाले! एवढे सगळे पाहून यांना दिसले काय, तर कुलूप. ती मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "वेळेवर बंद होतं, काका. आणि सकाळी वेळेवर उघडतं. माझ्या बाबांनीही पहिलं हेच विचारलं होतं."

मी वरमले. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या झोपडीत आपली बहीण, आपली लेक सोडून जाणाऱ्या माणसाने तरी दुसरे काय विचारले असेल? तिथे ती सुखरूप राहील ना, हेच. तो प्रश्न विचारणारा माणूस दार लावून घेत नसतो. उंबऱ्यावर उभा असतो. आपण शिकली-सवरलेली माणसे त्याला उत्तर देण्याऐवजी त्याच्यावर रागावतो.

परतीच्या प्रवासात गाडी झोपली होती. गिरणीवाले माझ्या बाकाजवळ आले. "बाई, ते फीमाफीचं काय म्हणत होत्या त्या?" मी सांगितले, की आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना शासनाने २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ केले आहे. त्यांनी ते दोनदा वदवून घेतले. मग म्हणाले, "आणि खोलीचं, जेवणाचं?" ते मात्र घरूनच, असे म्हणताच ते मान हलवून जागेवर जाऊन बसले. बोटांवर कसला तरी हिशेब चालला होता.

जूनमध्ये मुलीने अकरावी विज्ञानला नाव घातले. स्थळाचे काय झाले, मी विचारले नाही. परवा दिवाळीची भाजणी दळायला गिरणीत गेले, तर मोटार बंद आणि बापलेक दोघेही तिच्यापाशी वाकलेले. पान्हा लेकीच्या हातात होता. बॅटरी बापाने धरली होती.