हळदी-कुंकवाला विधवांना बोलावणार का, तेवढं सांगा

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात भाषण कुठल्याही पक्षाचं असो, पहिलं वाक्य ठरलेलं. 'शाहू-फुले-आंबेडकरांच्या विचारांचा हा जिल्हा...' टाळ्या पडतात. मग अर्धा तास एकमेकांची उणीदुणी. वीस वर्षं हीच वाक्यं टिपून घेतोय, आता वही न उघडताही बातमी लिहिता येते.

निवडणुकीचं वारं सुटलं की गल्लोगल्ली हळदी-कुंकवाचे फ्लेक्स लागतात. पैठणीचा खेळ, लकी ड्रॉ, येणाऱ्या प्रत्येकीला वाण. निमंत्रण 'तमाम माता-भगिनींना'. प्रत्यक्षात विधवा बाई तिथं जात नाही. गेली तर कुणी हाकलत नाही हो, आपण एवढे वाईट नाही! फक्त करंडा तिच्यापुढं आला की हात अडखळतो, शेजारची मान वळवते. पुढच्या वर्षी ती घरीच बसते.

मतदार यादीत सवाशीण आणि विधवा असे वेगळे रकाने नाहीत. मतदानाच्या आदल्या दिवशी तिच्या दारात सगळे पॅनेल येऊन पाया पडून जातात. तेव्हा अपशकुन होत नाही.

याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. कोरोनात तरण्याताठ्या बायका विधवा झालेल्या गावानं पाहिल्या होत्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनं हेरवाडचा आदर्श घ्या म्हणून परिपत्रक काढलं. परिपत्रक म्हणजे आवाहन, त्याला दंड नाही की शिक्षा नाही. त्यामुळं ठराव करून, फोटो काढून कागद फाइलला लावलेली गावंही मला माहीत आहेत. तिथं विधवा सदस्य असेल तर उद्घाटनाचा नारळ कुणाच्या हातात देतात ते एकदा बघा. निम्म्या जागा महिलांना आहेत म्हणून ती बाई निवडून आली, पण नारळाला चालत नाही.

यावर पुढाऱ्यांचं उत्तर पाठ आहे. 'साहेब, पटतंय आम्हाला, पण लोकांच्या भावना असतात, राजकारणात सगळं सांभाळावं लागतं.' बरं. मग शाहू महाराजांना काय सांभाळावं लागत नव्हतं? 1917 मध्ये त्यांनी विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज शिकारीत अपघातानं गेले. सून इंदुमती कोवळ्या वयात विधवा झाली. राजघराण्यातल्या विधवेनं शिकायचं म्हटल्यावर घरातूनच विरोध झाला. महाराजांनी तिला सोनतळीला ठेवून शिकवलं. कायदा रयतेला आणि रूढी घरच्यांना, अशी वाटणी त्यांनी केली नाही. आणि तुम्हाला वॉर्डातल्या दोनशे मतांची भीती वाटते? हेरवाडच्या सरपंचांना आणि सदस्यांना निवडणुका नव्हत्या काय?

मला तर वाटतं भावना लोकांच्या कमी आणि कार्यकर्त्यांच्या जास्त आहेत. गावातल्या बायका विचारून बघा. सख्ख्या बहिणीला, लेकीला असं बाजूला बसवलेलं कुणाला आवडतंय?

तेव्हा सगळ्या इच्छुकांना, पक्ष कुठलाही असो, जाहीर प्रश्न. तुमच्या पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'विधवा भगिनींनाही मानाचं निमंत्रण' असं छापणार का? पहिला करंडा त्यांच्यापुढं नेणार का? तुमच्या घरात आई, चुलती, वहिनी विधवा असेल तर ती स्टेजवर वहिनीसाहेबांच्या शेजारी बसणार का?

जो कुणी अशी पत्रिका छापेल, त्यानं मला पाठवावी. फोटोसकट बातमी लावतो, जाहिरातीचा एक रुपया घेणार नाही. आणि जे छापणार नाहीत, त्यांनी भाषणातलं ते पहिलं वाक्य यंदा गाळावं. तेवढाच आमचाही वेळ वाचेल.