मालक की राखणदार?

पर्यावरण हा शब्द आता इतका गुळगुळीत झाला आहे की तो कानावर पडताच श्रोते जांभई आवरू लागतात. पाच जूनला रोप लावायचे, छायाचित्र काढून घ्यायचे आणि उन्हाळ्यात ते वाळून गेले की पुढच्या पाच जूनची वाट पाहायची, हा आपल्या शाळा-महाविद्यालयांचा आणि अलीकडे आमच्या देवळांचाही वार्षिक कार्यक्रम होऊन बसला आहे. (वसईकडे आम्ही ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळच म्हणतो, वाचकांनी गोंधळून जाऊ नये.) रोप लावण्याला माझा आक्षेप नाही. पण रोप लावल्याने कोणाचेच काही बिघडत नाही, आणि ज्याने कोणाचेच काही बिघडत नाही असे काम सर्वांना आवडते. श्रद्धेचे काम इतके सोपे असते काय?

लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून ख्रिस्ती धर्माला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की जुन्या कराराच्या पहिल्याच अध्यायात माणसाला पृथ्वीवर सत्ता चालविण्याची मुभा मिळाली, झाडांतले नि झऱ्यांतले देव हद्दपार झाले आणि मग निसर्ग म्हणजे केवळ कच्चा माल उरला. हा आरोप सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. दूरदूरच्या देशांत वसाहती करून तिथली जंगले तोडणाऱ्यांच्या जहाजांवर क्रूस होताच. मात्र त्याच लेखाच्या शेवटी व्हाइटने असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत मानावे, अशी सूचना केली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. गंमत अशी की बारा वर्षांनी, १९७९ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत फ्रान्सिसला नेमके तेच स्थान दिले!

पण खरा खुलासा त्याच ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे देव माणसाला बागेत आणून ठेवतो तो दोन कामांसाठी : मशागत आणि राखण. मशागत आपल्याला कळते. माझा हा लेख राखणीबद्दल आहे. राखण करणारा मालक नसतो, हे पहिले. आणि राखण म्हणजे कोणाला तरी अडवणे, हे दुसरे. माळ्यावर बसून पाखरे, गुरे नि चोर यांपैकी कोणालाच न हाकणारा राखणदार कोणत्या शेतकऱ्याने ठेवला असता? जो अडवतो त्याचे वैरी होतात. धर्माने राजकारणात पडू नये असे म्हणणाऱ्यांनी देवाने माणसाला दिलेल्या या पहिल्या नोकरीचे स्वरूप जरा तपासून पाहावे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली साऱ्या जगाला उद्देशून ‘लाउदातो सी’ हे पत्र लिहिले, तेव्हा हाच वाद पुन्हा उठला. त्या पत्रात प्लॅस्टिक टाळा, विनाकारण जळणारे दिवे मालवा, अन्न वाया घालवू नका अशा घरगुती गोष्टी आहेत. त्या प्रवचनांतून आम्ही पुष्कळ ऐकल्या. परंतु श्रीमंत राष्ट्रांवर गरीब राष्ट्रांचे पर्यावरणीय ऋण आहे, आणि कार्बनच्या पतपत्रांचा व्यापार हा मूळ दुखणे तसेच ठेवण्याचा बहाणा होऊ शकतो, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. ते मात्र क्वचितच कानी आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘लाउदाते देउम’ हे दुसरे पत्र लिहून त्यांनी अमेरिकेचे दरडोई उत्सर्जन चीनच्या सुमारे दुप्पट असल्याचे सांगितले. काही भाविकांना पोप महोदयांनी हिशेबाच्या वहीत डोके घातलेले रुचले नाही!

या हिशेबाचा आपल्याकडे मात्र भलताच उपयोग होतो. भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीपेक्षा कमी आहे, तेव्हा आपण कशाला काळजी करायची, असे चारचाकीतून उतरता उतरता लोक सांगतात. आंतरराष्ट्रीय परिषदेत हा युक्तिवाद रास्तच आहे. पण ती सरासरी खाली राहते ती जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर चूल पेटवणाऱ्या घरांमुळे. त्यांची गरिबी ढालीसारखी पुढे धरून आपण सुखात राहावे, याला काय म्हणायचे?

असो. रोम आणि परिषदा बाजूला ठेवून हे सारे वसईच्या वाडीत आणून पाहू. कारण राखण म्हणजे काय, ते तिथे जिवावर बेतेपर्यंत कळले आहे. समुद्राला लागून असलेल्या या पट्ट्यात विहिरी, रहाट आणि बावखले यांच्या जोरावर केळी, पानवेली नि फुले पिकत. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि भूगर्भातून आत घुसू पाहणाऱ्या खाऱ्या पाण्याला मागे रेटते. गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की समुद्र आत येतो. त्याला दार लागत नाही. ऐंशीच्या दशकात नालासोपारा-विरारकडे इमारती उठू लागल्या नि गावोगावच्या विहिरींवर टँकर लागले. उपसा वाढला, पाणी मचूळ झाले, वाड्या करपू लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सर्वधर्मीय सहकारी यांनी उभी केलेली हरित वसईची चळवळ निघाली ती या पाण्यातून. फादरांना धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावे लागले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते आणि २०२० साली उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाल्यावर साऱ्या महाराष्ट्राने त्यांना आदराने निरोप दिला. पण टँकर अडवण्याच्या दिवसांत हा धर्मगुरू देवळात बसून जपमाळ का ओढत नाही, असे विचारणारे थोडे नव्हते.

येथे एक कडू गोष्ट लिहिलीच पाहिजे. टँकर रात्री चोरून भरत नव्हते. विहिरीचा मालक पाणी विकत होता म्हणून भरत होते. बिल्डर आकाशातून पडला नाही. सात-बाऱ्यावर ज्याचे नाव होते त्यानेच त्याला जमीन दिली. त्यांत रविवारची मिस्सा न चुकवणारेही होते. शेती परवडत नाही, भावाभावांत वाटण्या होतात, मुले नोकरीसाठी परदेशी जातात, ही कारणे खरी आहेत आणि वाडीत घाम न गाळणाऱ्याने त्यांना नाके मुरडू नयेत. पण प्रायश्चित्तकाळात मांस वर्ज्य करणारा समाज बावखल बुजवणे हे पापांच्या यादीत घालत नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे बंद पडली, मिठागरांत माणसे अडकली. पाऊस अफाट होता हे खरे. पण पाण्याने जिथे जाऊन बसायचे त्या जागांवर माणसाने आधीच भराव घातला होता, हेही तितकेच खरे.

याहून अवघड प्रश्न सूर्या नदीचा आहे. टँकरवरचा भार हलका झाला तो सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरारला आले म्हणून. मुळात तो प्रकल्प डहाणू-विक्रमगडकडच्या शेतीच्या सिंचनासाठी होता. धरणासाठी जमीन आदिवासींनी दिली, आणि पाणी शहराकडे वळवू नका म्हणून तेच रस्त्यावर आले. म्हणजे आमची विहीर राखली जाण्यात त्यांच्या शेताचा वाटा आहे! तर नालासोपाऱ्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कष्टकऱ्यालाही तहान लागतेच. हिरवा पट्टा आपल्यापुरता राखून इतरांना कुंपणाबाहेर ठेवणे हीही मालकीच झाली. लेवीयच्या पुस्तकात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायला सांगितले आहे, आणि तिच्यात आपसूक उगवेल त्यावर चाकर नि परदेशी यांचाही हक्क मानला आहे. इतका परखड विचार आमच्या धर्मात असताना आम्ही कुंडीतल्या तुळशीएवढे पर्यावरण घेऊन का बसतो?

करता येण्याजोगे पुष्कळ आहे. मुंबई महानगर प्रदेशाचा २०१६ ते २०३६ चा प्रारूप आराखडा जाहीर झाला तेव्हा वसईतून हरकतींचा अक्षरशः पाऊस पडला. देवळाच्या आवारात टेबले मांडून अर्ज भरता येतात, हे त्या वेळी दिसले. पण आराखड्यावर हरकत घेताना बावखल होते याचा पुरावा लागतो, आणि तो जुन्या माणसांच्या आठवणीतच पडून आहे. प्रत्येक धर्मग्रामाकडे घराघराची नोंदवही असते. तिच्यात एक रकाना बावखलाचा का असू नये? आमच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी धर्म-जात न पाहता वाडीवाडीतून फिरून जिवंत किती, बुजलेली किती, कोणत्या साली बुजली, हे लिहून काढावे. काम मे महिन्यातच उरकावे लागेल. एकदा पाऊस सुरू झाला की बावखल कोणते नि भरावामुळे साचलेले डबके कोणते, हे वाटेने जाणाऱ्याला ओळखू येत नाही.