बोटभर अंतर

रमजानचा महिना आला की खेळाच्या गप्पांत एक नाव हमखास निघते, हकीम ओलाजुवान. मूळचा नायजेरियातल्या लागोस शहराचा, सुमारे सात फूट उंचीचा हा खेळाडू अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये ह्यूस्टन रॉकेट्स संघाकडून खेळला. रमजानमध्ये तो रोजा ठेवून सामने खेळत असे. ही गोष्ट खरी आहे. १९९५ साली जवळजवळ अख्खा फेब्रुवारी रमजानचा होता आणि त्याच फेब्रुवारीसाठी लीगने त्याला महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. सामना रात्रीचा असेल तर इफ्तार करून मैदानात उतरता येई, तरी दिवसभराचा उपास अंगात असेच. सामना दुपारचा असेल तर पाण्याचा घोटही न घेता खेळावे लागे.

पण सांगता सांगता या गोष्टीला कधी कधी एक शेपूट चिकटते. रोजाच्या बळावर त्याने अजिंक्यपद जिंकले, असे कौतुकाने सांगितले जाते. इथे जरा थांबायला हवे. ज्या मालिकेने हकीमला पहिले अजिंक्यपद मिळवून दिले ती १९९४च्या जून महिन्यात खेळली गेली. त्या वर्षीचा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्येच संपला होता, ईद होऊन तीन महिने उलटले होते. त्या मालिकेत रोजा नव्हता. आणि तरीही रमजानमध्ये आठवावी अशी एखादी मालिका असेल, तर ती हीच.

ज्यांना हा खेळ फारसा परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, बारा-बारा मिनिटांच्या चार भागांचा. अंतिम फेरी एका सामन्यात संपत नाही. दोन संघ जास्तीत जास्त सात सामने खेळतात आणि जो आधी चार जिंकेल तो विजेता. १९९४ साली ह्यूस्टनसमोर होता न्यूयॉर्क निक्स. ह्यूस्टनकडे हकीम, न्यूयॉर्ककडे तेवढ्याच उंचीचा पॅट्रिक युइंग. हा युइंग जमैकात जन्मलेला. म्हणजे अमेरिकेच्या अजिंक्यपदासाठी झुंजणारे दोन्ही मुख्य गडी बाहेरच्या मातीतून आलेले. दोघांची गाठ जुनी होती. १९८४ साली विद्यापीठांच्या अंतिम सामन्यात युइंगच्या जॉर्जटाउनने हकीमच्या ह्यूस्टन विद्यापीठाला ८४-७५ असे हरवले होते.

दहा वर्षांनी पुन्हा समोरासमोर आल्यावर जे घडले ते आकड्यांतच पाहावे. पहिला सामना ह्यूस्टनने ८५-७८ असा जिंकला, दुसरा न्यूयॉर्कने ९१-८३ असा. तिसऱ्यात न्यूयॉर्क दोन गुणांनी पुढे असताना, जेमतेम अर्धा मिनिट उरले असताना, सॅम कॅसेल या पहिल्याच हंगामातल्या पोराने तीन गुणांचा नेम साधला आणि ह्यूस्टनने ९३-८९ अशी बाजी मारली. चौथा आणि पाचवा सामना न्यूयॉर्कने घेतला, ९१-८२ आणि ९१-८४. पाचव्या सामन्यात युइंगने प्रतिस्पर्ध्यांचे आठ नेम हवेतच अडवले. सात सामन्यांत एकदाही कोणत्या संघाला शंभरी गाठता आली नाही आणि एकाही सामन्यातले अंतर दहा गुणांचे झाले नाही. रुक्ष, घासून झालेला खेळ होता. नजाकत शोधणाऱ्यांना तो आवडला नसेलही, पण एकेका गुणासाठी काय मोजावे लागते ते त्यात दिसत होते.

सहावा सामना १९ जूनला ह्यूस्टनमध्ये झाला. न्यूयॉर्क ३-२ असे पुढे, अजून एक विजय मिळाला की करंडक त्यांचा. शेवटच्या क्षणी ह्यूस्टन ८६-८४ असे दोन गुणांनी पुढे होते आणि चेंडू न्यूयॉर्कच्या जॉन स्टार्क्सच्या हातात. हा स्टार्क्स लीगच्या खेळाडू निवडीत कोणीच न घेतलेला, एकेकाळी सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांचे सामान पिशव्यांत भरून देणारा. त्या रात्री त्याने २७ गुण केले होते, त्यातले १६ शेवटच्या भागात. त्याने तीन गुणांसाठी चेंडू उडवला. तो पडला असता तर न्यूयॉर्क विजेते. हकीम लांबून झेपावला आणि त्याच्या बोटांची टोके चेंडूला लागली. तेवढ्याने चेंडूची वाट चुकली, सामना संपला आणि मालिका ३-३ अशी बरोबरीत आली.

तीन दिवसांनी सातवा सामना. त्यात स्टार्क्सने अठरा वेळा नेम धरला आणि फक्त दोनदा चेंडू जाळीत गेला. तीन गुणांचे अकराच्या अकरा प्रयत्न वाया गेले. हकीमने २५ गुण केले आणि ह्यूस्टनने ९०-८४ अशा फरकाने आपले पहिले अजिंक्यपद मिळवले. हकीम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. न्यूयॉर्कला मात्र एक गुन्हेगार मिळाला. 'अठरात दोन' हा आकडा स्टार्क्सच्या नावाला कायमचा चिकटला. तीन रात्रींपूर्वी त्याच माणसाने संघाला विजयाच्या उंबरठ्यावर आणून ठेवले होते, हे बहुतेक जण विसरून गेले.

न्यूयॉर्कचे प्रशिक्षक पॅट रायली यांनी मात्र पुढे दोष स्वतःकडे घेतला. स्टार्क्सचा नेम लागत नसतानाही त्याला खेळवत ठेवणे आणि अनुभवी रोलँडो ब्लॅकमनला बाकावर बसवून ठेवणे ही आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक, असे त्यांनी मान्य केले. रायलींच्या त्या रात्रीच्या निर्णयाला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्याने आदल्या सामन्यात संघाला तारले, त्याच्यावर विश्वास ठेवणे ही काही लाज वाटावी अशी गोष्ट नव्हती. फसलेला विश्वास आणि मूर्खपणा यांत फरक आहे आणि तो फरक निकालाच्या फलकावर दिसत नाही.

आता हकीमकडे पाहावे. १९९४चा नायक म्हणून तो ओळखला जातो, पण शेवटच्या क्षणी हरणे म्हणजे काय हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असेल? १९८३ साली विद्यापीठांच्या अंतिम सामन्यात त्याचा संघ ५४-५२ असा हरला होता. अगदी शेवटच्या सेकंदाला प्रतिस्पर्ध्याने, हकीमच्या देखत, चेंडू जाळीत कोंबला होता. १९८४ साली युइंगकडून हार. १९८६ साली एनबीएच्या अंतिम फेरीत बोस्टनकडून ४-२ अशी हार. म्हणजे १९९४च्या आधी तो मोठमोठ्या अंतिम लढतींत हरलेलाच होता. तेव्हा त्याच्या मेहनतीत खोट होती आणि जूनच्या त्या रात्री ती अचानक पवित्र झाली, असे कोण म्हणेल? माणूस तोच होता. बदलले ते बोटभर अंतर.

म्हणूनच त्याच्या विजयाला रोजाचे फळ म्हणणे रोजावर अन्याय करणारे आहे. विजय हा रोजाचा पुरावा मानला, तर जो रोजा ठेवून हरतो त्याच्या रोजाला काय म्हणायचे? आणि युइंग, स्टार्क्स यांनी गाळलेल्या घामाला कोणत्या वहीत नोंदवायचे? रोजा गुण मिळवण्यासाठी नसतो. सहरीला उठून माणूस मनाशी जी नीयत करतो, म्हणजे जो संकल्प करतो, तो त्याच्या आणि अल्लाहच्या मधला असतो. तिथे प्रेक्षक नसतात, फलकही नसतो. हकीमच्या त्या फेब्रुवारीचे मोल पुरस्कारात नाही. भर सामन्यात ओठ सुकलेले असताना, हाताशी पाणी असताना, ते न पिण्यात आहे. पुरस्कार मिळाला नसता तरी ते मोल तेवढेच राहिले असते.

रमजानला सब्रचा महिना म्हणतात. सब्र म्हणजे संयम, धीर, असे आपण मराठीत सांगतो आणि तो भुकेशी, तहानेशी जोडतो. पण सब्रची खरी कसोटी निकालानंतर लागते. जिंकलेल्याने बोटभर अंतराला आपले मोठेपण न समजणे हा सब्र आहे. हरलेल्याने पुन्हा मैदानात येणे हाही सब्र आहे. स्टार्क्स पुन्हा आला. पुढच्याच हंगामात त्याने तीन गुणांचे दोनशेहून अधिक नेम साधले. आणि पाहणाऱ्यांचाही एक सब्र असतो, एका रात्रीवरून माणसाची किंमत न ठरवण्याचा. तो मात्र आपल्याला सर्वांत जड जातो. परीक्षेत दोन-चार गुणांनी मागे पडलेले पोर, एका हंगामात तोटा खाल्लेला दुकानदार, निवडणुकीत थोडक्या मतांनी पडलेला उमेदवार, अशा कितीतरी 'स्टार्क्सना' आपण एका आकड्यात कोंडून टाकतो. यात हिंदू-मुसलमान असा काही भेद नाही, सगळीच घरे सारखी.

या महिन्यात संध्याकाळी इफ्तारच्या सतरंजीवर बसणाऱ्यांत दिवस चांगला गेलेला असतो आणि वाईट गेलेलाही. अजान झाली की दोघांच्या हातात तोच खजूर येतो. रोजा कुणाचा सोपा गेला आणि कुणाचा जड, हे तिथे कोणी विचारत नाही. हकीमचे नाव यंदा पुन्हा निघेल तेव्हा त्याच्यासोबत जॉन स्टार्क्सचेही नाव घ्यावे.