माळढोकाला अभयारण्य नको, आधी तारांचं बघा

चंद्रपूर जिल्हा म्हटला की वाघ. ताडोब्याची गेटं, जिप्सीचं बुकिंग, वाघिणींची नावं, कुणाला किती बछडे झाले, सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. पण याच जिल्ह्यात वाघापेक्षा कितीतरी दुर्मीळ असा एक पक्षी आपल्या वावरांतून फिरत आला आहे. त्याच्याविषयी बोलायला मात्र कुणाला वेळ नाही. मी माळढोकाबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत वरोरा-भद्रावतीकडे माळढोक दिसल्याच्या नोंदी होत होत्या. ताडोब्याच्या जंगलात नाही, काळ्या मातीच्या उघड्या पट्ट्यात. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर आणि मधे मधे राहिलेली पडीत, हीच त्याची जागा. शेजारच्या गडचिरोलीत एवढं जंगल आहे, पण तिथे तो राहणार नाही. त्याला झाडी नकोच असते. त्याला लांबवर नजर जाईल असं गवत लागतं. त्यामुळे उघडी जागा दिसली की खड्डे खणून रोपं लावायची आणि निसर्ग वाचला म्हणायचं, हे आपलं आवडतं गणित माळरानावर साफ उलटं पडतं. सातबाऱ्यावर 'पडीक' लिहिलेली जमीन आपल्या लेखी वाया गेलेली असते. माळढोकाचं घर नेमकं तेच.

वरोऱ्याकडच्या एका गावातले काका मला मागे भेटले. पक्ष्याचा विषय काढला तर आधी गप्पच. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "भाऊ, दिसला होता. पन कोनाले सांगतलं नाही. उद्या सरकार म्हनन हे वावर आता पक्ष्याचं. मंग आमी काय करावं?"

यावर हसू नका. काकांची भीती कुठून आली ते सोलापूरकरांना विचारा. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं! नकाशावर रेघ मारली आणि तिच्या आत गावं आली, शेतं आली, रस्ते आले. जमिनीचे व्यवहार अडले, कामं अडली, आणि लोकांचा राग निघाला त्या बिचाऱ्या पक्ष्यावर. शेवटी २०१२ मध्ये ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. ही चूक दुरुस्त व्हायला तेहतीस वर्षं लागली. तोवर नान्नजच्या माळावरचे पक्षी एक एक करून कमी होत गेले, आणि आज अख्ख्या महाराष्ट्रातले माळढोक मोजायला एका हाताची बोटं पुरतात. जगात मिळून दीडशेच्या आत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात.

तसंही कुंपणात मावणारा हा पक्षी नाही. पावसाळ्यात मादी गवतात, पडितात नाहीतर पिकाच्या कडेला उघड्या जमिनीवर अंडं घालते. बहुतेक वेळा एकच. कुत्र्याने खाल्लं, ढोरांच्या पायाखाली गेलं, ट्रॅक्टर फिरला, की ते वर्ष गेलं. पिल्लू जगलं तर कितीतरी महिने आईच्या मागे असतं. पीक निघालं की हे पक्षी किडे, टोळ, सरडे, दाणे शोधत दुसरीकडे सरकतात, कधी या तालुक्यातून त्या तालुक्यात. काही वर्षांपूर्वी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने आपल्या वनविभागासोबत राज्यातल्या माळढोकांना उपग्रह टॅग लावून त्यांच्या फिरण्याचा अभ्यास केला होता. या पक्ष्याला किती लांबवरची जमीन लागते हे कळायला तो अभ्यास पुरेसा आहे. एका ठिकाणी फाटक लावून बसलेल्या गार्डने हे काम होत नाही.

आता मुद्द्याचं. एवढ्या फिरण्याच्या वाटेत काय उभं आहे? तारा.

आपला जिल्हा राज्याला वीज पुरवतो. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, वरोऱ्याला खाजगी वीज प्रकल्प, भद्रावतीजवळ पॉवरग्रिडचं मोठं केंद्र, आणि १९९९ पासून इथली वीज साडेसातशे किलोमीटर दूर पडघ्याला नेणारी उच्चदाब लाइन. मुंबईचे दिवे आपल्या वावरावरून जाणाऱ्या तारांवर पेटतात. (आपल्याकडे भारनियमन झालं की ही गोष्ट जास्तच आठवते, असो.) माळढोकाचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. एवढा जड पक्षी उडताना पटकन वळू शकत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरचं त्याला फार कमी दिसतं. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. नुसत्या थरच्या वाळवंटात दरवर्षी सुमारे १८ माळढोक तारांना धडकून मरत असावेत, असा वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. दोन-तीन वर्षांत एखादं पिल्लू वाढवणाऱ्या पक्ष्याला हा हिशेब परवडेल का, तुम्हीच सांगा.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या पट्ट्यातल्या तारा जमिनीखाली न्या आणि तोवर त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा लावा, असा आदेश दिला. त्या खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश शरद बोबडे, आपल्या नागपूरचे. पण आदेश राजस्थान आणि गुजरातपुरता होता. पुढे मार्च २०२४ मध्ये न्यायालयानेच तो सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. या सगळ्यात वरोरा-भद्रावतीचं नाव कुठे नाही. आपल्या बाजूने ते मांडलं कुणी?

तारांचा हा त्रास फक्त आपल्याकडच्या पक्ष्यांना आहे असं नाही. तिकडे युरोपात, आल्प्सच्या डोंगरांवर ब्लॅक ग्राउज आणि टार्मिगन नावाचे रानकोंबडीच्या गोत्रातले पक्षी आहेत. लोक त्यांची शिकारही करतात. हिवाळ्यात हे पक्षी बर्फात खड्डा करून बसून राहतात आणि शक्ती वाचवतात. स्की खेळणारे जवळ आले की घाबरून उडतात आणि धुक्यात रोपवेच्या तारांवर आपटतात. फ्रान्समध्ये लोकांनी काय केलं, तर कुठल्या तारेखाली किती पक्षी मेले ते शोधलं आणि धोक्याच्या तारांवर लाल खुणा लावल्या. रोपवे बंद पाडले नाहीत, डोंगरावर बंदी घातली नाही. कुठली तार मारते हे आधी बघितलं, एवढंच.

आपल्याकडेही एवढंच करायला हवं. महापारेषण, पॉवरग्रिड आणि खाजगी कंपन्या, ज्यांच्या ज्यांच्या लाइनी या पट्ट्यातून जातात, त्यांनी आणि वनविभागाने मिळून एकदा तारांखालून पायी फिरावं आणि मेलेले पक्षी मोजावेत. मग तिथल्या तारांवर खुणा लावाव्यात. खुणांनी सगळे पक्षी वाचतील असा माझा दावा नाही. माळढोकासारख्या पक्ष्याला तार जमिनीखालीच हवी. पण खुणा या वर्षी लागू शकतात. तिथून करकोचे, घारी, गिधाडंही जातात, त्यांनाही उपयोग होईल. वीज बंद होणार नाही की शेती थांबणार नाही.

आणि काकांचं काय? रोही किंवा रानडुकराने पीक खाल्लं तर पंचनामा होतो, उशिरा का होईना पैसे मिळतात. मग ज्याच्या वावरात माळढोकाने अंडं घातलं, त्याने तेवढा तुकडा पिल्लू निघेपर्यंत सोडला, तर त्याला त्या तुकड्याचं पूर्ण पीक मोजून द्या. लेखी द्या की सातबाऱ्यावर कुठलीही नोंद चढणार नाही. अकोला-वाशीमकडे फासेपारधी समाजातल्या लोकांनी तणमोरासाठी माळ राखून दाखवलाय. माळढोकाचा तो धाकटा भाऊबंद. ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकारी म्हणून हिणवलं, त्यांनी हे केलं. म्हणजे माणसं तयार होतात, त्यांच्याशी नीट बोलावं लागतं.

"पक्षीच उरले नाहीत तर कशाला खर्च" असं कुणी कमेंटमध्ये लिहीलच, म्हणून आधीच सांगतो. जैसलमेरकडच्या प्रजनन केंद्रांत पिल्लं वाढताहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. उद्या ही पिल्लं कुठे सोडायची हा प्रश्न येणारच आहे. जिथे माळ नांगरलेला आणि आभाळात तारांचं जाळं, तिथे कोण सोडेल?

एक विनंती. वरोरा, भद्रावती, चिमूरकडच्या मित्रांनो, तुम्हाला माळढोक दिसलाच तर गावाचं नाव, वावर किंवा लोकेशन इथे टाकू नका. फोटो काढायला जवळ जाऊ नका, गवतात मादी बसलेली असेल तर ती अंडं सोडून उठते. आधी शेतमालकाशी बोला, मग दोघं मिळून वनविभागाला कळवा. आणि तारेखाली कुठलाही मोठा पक्षी मेलेला सापडला तर त्याचा आणि जवळच्या टॉवरवरच्या नंबराचा फोटो काढून मला इनबॉक्समध्ये पाठवा. मी यादी करतोय.