शहर ओलांडण्याची सोय

नगरला पाहुणा आला की हल्ली तो उड्डाणपुलाचं कौतुक करतो. 'अरे, पूर्वी तुमच्या गावात अर्धा तास जायचा, आता पाच मिनिटांत बाहेर पडलो!' आम्हीही ते आपलंच कौतुक समजून ऐकून घेतो. माझं भांडण या कौतुकाशी आहे. एखाद्या गावातून किती लवकर बाहेर पडता येतं, हे त्या गावाच्या प्रगतीचं माप कधीपासून झालं?

सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर आणि आमच्या तोंडी अजूनही नगर असलेल्या या शहरातला पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला खुला झाला. तो चौपदरी आहे आणि सुमारे तीन किलोमीटर लांब. सक्कर चौकाकडून चढायचं आणि मार्केट यार्ड, कोठी, चांदणी चौक खाली सोडून पुढे जायचं. कित्येक निवडणुका या पुलाच्या आश्वासनावर लढवल्या गेल्या, त्यामुळे तो झाला तेव्हा लोकांना खरंच आनंद झाला. खांबांवर शिवचरित्रातले प्रसंग रंगवले गेले, लोक सहकुटुंब फोटो काढायला आले.

पूल नको होता, असं मी म्हणत नाही. पुण्याहून संभाजीनगरकडे जाणारे ट्रक, शिर्डीच्या यात्रेकरूंच्या गाड्या, कारखान्याकडे निघालेली उसाची वाहनं हे सगळं शहराच्या पोटातून जात होतं. त्या रस्त्यावर माणसं मेली आहेत. वरून जाणारी वाहनं वरून गेली, हे चांगलंच झालं. मीही त्या पुलावरून जातो. माझा आक्षेप क्रमाला आहे. शहरात आधी काय बांधायचं, नंतर काय बांधायचं आणि हा क्रम कुणी ठरवायचा, हा माझा प्रश्न आहे.

पुलाखालून एकदा पायी चालून पाहा. ज्यांचं काम कोठीत, यार्डात किंवा एसटी स्थानकावर आहे, त्यांच्यासाठी रस्ता खालचाच राहिला. पाठीवर पोती वाहणारा हमाल, हातगाडीवाला, शाळेतली पोरं, दवाखान्यात निघालेली म्हातारी यांच्यातलं कुणीही वरून जात नाही. त्यांना या बाजूकडून त्या बाजूला जायचं असतं. खांबांच्या आड उभ्या केलेल्या गाड्यांमधून वाट काढत ते रस्ता ओलांडतात. पुण्याहून येणाऱ्याची पंचवीस मिनिटं वाचली, तो हिशेब लगेच मांडला गेला. रस्ता ओलांडायला ताटकळणाऱ्या बाईची मिनिटं मोजायला कुणी आलं नाही.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, सीनेकाठी या. सीना तशी वर्षातले बरेच महिने नाल्यासारखी वाहते. तिच्या पात्रात भराव टाकून, बांधकामं करून आपणच तिला तसं केलं आहे. पण डोंगराकडे जोराचा पाऊस झाला की ती आपलं पात्र परत मागते. मग कल्याण रस्त्यावरच्या पुलावरून पाणी वाहू लागतं आणि पलीकडच्या वसाहतींचा शहराशी संबंध तुटतो. कामावरून परतणारी माणसं अलीकडे आणि चूल पलीकडे, हे दृश्य नगरकरांनी किती पावसाळे पाहिलं असेल! पाण्यावरून जाण्यासाठी पूल बांधतात, ही पुलाची सगळ्यात जुनी व्याख्या. नदीवरचा पूल बुडत असताना कोरड्या रस्त्यावर तीन किलोमीटरचा पूल आधी उभा राहिला. क्रम म्हणतो तो हा.

याच गावात कधीकाळी हा क्रम उलटा होता. मलिक अहमद निजामशहानं १४९० मध्ये सीनेकाठी हे शहर वसवलं. पुढच्या शंभरेक वर्षांत भुईकोट किल्ल्याला दगडी तट चढला, फराहबाग झाला, शहा डोंगरावर सलाबतखानाची कबर उभी राहिली. तिला आपण चुकीनं चांदबिबी महाल म्हणतो. पर्यटक पाहतो ते एवढंच. पण या सगळ्याला जिवंत ठेवणारं काम जमिनीखाली होतं. कापूरवाडी, शेंडी, भिंगार अशा आसपासच्या उंचवट्यांवरून मातीच्या खापरी नळांतून पाणी निव्वळ उतारानं शहरात आणलं जाई. वाटेत नळातली हवा आणि दाब मोकळा करायला बांधीव मनोरे असत. गावात हौद होते, त्या हौदांवर गल्ल्या जगत. इंग्रजांनी १८८४ च्या गॅझेटियरमध्ये या नळांची सविस्तर नोंद केली आहे.

निजामशाही म्हणजे काही लोकशाही नव्हती. ते पाणी आधी वाड्यांना आणि बागांना जात असणार. तरीही त्या राज्यकर्त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. पाणी नसेल तर लोक राहणार नाहीत आणि लोक नसतील तर नुसते तट उरतील. आज शहराला पाणी येतं ते राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून. धरण २६ टीएमसीचं. तिथून पंपानं उचलायचं, मोठ्या जलवाहिनीनं आणायचं आणि टाक्यांमधून सोडायचं. मध्येच वीज गेली किंवा वाहिनी फुटली की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. आमच्या भागात पाणी दिवसाआड येतं. दर घरात पिंपं भरून ठेवलेली असतात आणि घरातल्या एका माणसाचा दिवस नळाच्या वेळेला बांधलेला असतो. तो माणूस बहुधा बाईच असते.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. 'अहो, पुलाचा पैसा दिल्लीचा. तो गटारावर थोडाच खर्च करता येतो?' उत्तर खरं आहे. म्हणूनच ते जास्त काळजीचं आहे. महामार्गाला एक भक्कम यंत्रणा आहे, तिच्याकडे निधी आहे, अभियंते आहेत, उद्घाटनाला मंत्री आहेत. नळ, गटार आणि पदपथ मात्र शहराच्या तिजोरीवर सोपवलेले आणि त्या तिजोरीत खडखडाट. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. तिच्यातून आलेल्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत: नगरनियोजन, पाणीपुरवठा, रस्ते आणि पूल, झोपडपट्टी सुधारणा वगैरे. विषय दिले, पैसा दिला नाही. आणि नगरमध्ये तर २०२३ च्या डिसेंबरात मुदत संपल्यावर दोन वर्षं महापालिकेत लोकांनी निवडलेलं कुणी नव्हतंच, प्रशासक होता. आपल्या गल्लीत आधी काय व्हावं हे विचारायला माणूस नाही आणि आपल्या डोक्यावरून काय जावं हे ठरवणारा दिल्लीत. याला शहराचा विकास म्हणायचं असेल तर त्यात शहर कुठे आहे, ते कुणीतरी दाखवावं.

दुसरं उत्तर असतं, 'निदान वाहतूक तरी सुटली ना?' काही काळ सुटते. अमेरिकेत अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं की, गर्दीच्या वेळी रस्ता रुंद केला तर नव्या गाड्या येऊन तो पुन्हा भरतो. आपल्याला त्यासाठी अमेरिकेचीही गरज नाही. मुंबईत १९९५ नंतरच्या युती सरकारच्या काळात पन्नासहून अधिक उड्डाणपुलांचा धडाका लागला. त्या पुलांवरच आज गाड्या खोळंबलेल्या असतात. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशक टिकला. २०२० मध्ये तो पाडला आणि त्याच जागी मेट्रोसह दुमजली पूल बांधायला घेतला. एकाच चौकासाठी लोकांनी दोनदा पैसे मोजले. दक्षिण कोरियातल्या सोलनं तर ओढा बुजवून त्यावर उभारलेला उन्नत रस्ता २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ पर्यंत तो ओढा, चोंगेचॉन, पुन्हा मोकळा केला. त्या कामावरही टीका झाली, पण शहर कोसळलं नाही. लोक आज त्या पाण्याकाठी फिरायला जातात. आपल्या सीनेकाठी फिरायला जाण्याची कल्पनासुद्धा आपल्याला हसू आणते.

नगरच्या बाबतीत तर उपाय डोळ्यासमोर होता. परगावची जड वाहनं गावात आणून खांबांवरून बाहेर काढण्याआधी ती बाहेरच्या बाहेर वळवायची. बाह्यवळण रस्ता होताही, पण तो वर्षानुवर्षं इतका खड्ड्यांत होता की ट्रकवाले गावातूनच जाणं पसंत करत. खड्डे बुजवल्याची फीत कापता येत नाही. फुटकी वाहिनी बदलली तर तिचा फोटो निघत नाही, कारण ती पुन्हा मातीखाली जाते. दुरुस्तीला श्रेय नाही आणि नव्या बांधकामाला श्रेयच श्रेय, या एका कारणानं आपल्या शहरांची निम्मी दुर्दशा झाली आहे.

मतं मागायला येणाऱ्यांनी आणखी एका पुलाचं चित्र दाखवलं तर विरोध करू नका. फक्त तीन गोष्टी लेखी मागा. पाणी रोज कोणत्या तारखेपासून येणार? सीनेची पूररेषा जमिनीवर कधी आखणार आणि तिच्या आतलं नवं बांधकाम कोण थांबवणार? पुलाखालून पायी जाणाऱ्यासाठी दर चौकात सुरक्षित वाट कधी होणार? उत्तरं मिळाली, तर पुलाचं चित्रही बघू. नाही मिळाली, तर त्यांना सांगा की आम्हाला या शहरातून लवकर बाहेर पडायचं नाही, आम्हाला इथे राहायचं आहे.