भांडणाला अंगण हवे

माझे आजोबा मूळचे सांगलीकडचे. जुहूच्या एका बंगल्यावर त्यांनी आयुष्यभर माळीकाम केले. राजकारणाचा विषय निघाला की त्यांचे एक वाक्य ठरलेले असे, "वसंतदादास्नी मतदारानं कंदी पाडलं न्हाई, घरच्यांनीच पाडलं." यंदा राज्यशास्त्राच्या अभ्यासाच्या निमित्ताने मी वसंतदादा पाटील यांची कारकीर्द सालवार मांडून पाहिली आणि आजोबांचे बोलणे खरे निघाले. मात्र त्यावरून ते जो निष्कर्ष काढत, तो मला पटत नाही. ते म्हणत, पक्षात भांडणेच नसावीत. मी म्हणतो, भांडण जरूर असावे; पण ते अंगणात, सर्वांच्या देखत व्हावे.

दादांचा जन्म 1917 चा. आईवडील प्लेगमध्ये गेले, आजीने वाढविले. शाळा जेमतेम सातवीपर्यंत. 24 जुलै 1943 रोजी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून ते बाहेर पडले आणि खांद्यात गोळी झेलली. पुढे त्यांनी सांगलीला सहकारी साखर कारखाना उभा केला. असा हा माणूस 1976 मध्ये मंत्रिमंडळाबाहेर गेला, तो विरोधकांमुळे नव्हे! शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ते स्वपक्षातच नकोसे झाले होते. दादांनी राजकारणसंन्यास जाहीर केला. पण 1977 च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील 48 पैकी अवघ्या 20 जागा काँग्रेसच्या पदरात पडल्या आणि काल संन्यास घेतलेले दादाच मुख्यमंत्री झाले.

1978 च्या जानेवारीत काँग्रेस दुभंगली. एका बाजूला इंदिरा गांधी, दुसऱ्या बाजूला यशवंतराव चव्हाण आणि दादा. फेब्रुवारीच्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाला 99, दादांच्या काँग्रेसला 69 आणि इंदिरा काँग्रेसला 62 जागा मिळाल्या. काल एकमेकांविरुद्ध प्रचार करणाऱ्या दोन्ही काँग्रेसनी मार्चमध्ये एकत्र सरकार बनविले. दादा मुख्यमंत्री, इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. संसार एक आणि चुली दोन! चार महिन्यांत शरद पवार आपले आमदार घेऊन बाहेर पडले आणि 18 जुलैला, वयाच्या 38 व्या वर्षी, मुख्यमंत्री झाले. 'पाठीत खंजीर' हा शब्दप्रयोग त्या प्रसंगाला जो चिकटला, तो आजही सुटलेला नाही.

1983 च्या फेब्रुवारीत दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यांच्या भरमसाट फीबद्दल वाद होऊ शकतो. पण सातवी शिकलेल्या माणसाने हे दार उघडले, याचे आमच्या घरातल्या पहिल्याच कॉलेजकुमाराला अप्रूप वाटते. 1985 च्या मार्चमध्ये पक्षाने विधानसभेत बहुमत मिळविले. तरी जूनमध्ये दादांनी राजीनामा दिला. का? तर त्यांच्या मनाविरुद्ध दिल्लीने प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष नेमले म्हणून. पुढे त्यांची रवानगी राजस्थानच्या राजभवनावर झाली. 1 मार्च 1989 रोजी ते गेले.

ही भांडणे मंत्रालयातच राहिली असे मात्र समजू नका. 1985 च्या महापालिका निवडणुकीआधी मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव आहे, असे दादा बोलले. शिवसेनेला आयता मुद्दा मिळाला आणि महापालिका तिच्या हाती गेली. मुंबई काँग्रेसचे मुरली देवरा यांना शह देण्यासाठीच दादांनी हे केले, असे आजही बोलले जाते. म्हणजे पक्षातल्या रुसव्याफुगव्यांचा परिणाम आमच्या जुहूच्या नळापर्यंत आणि गटारापर्यंत येऊन पोचतो!

आता प्रश्न असा, की या साऱ्या घडामोडींत पक्षाच्या साध्या कार्यकर्त्याचे मत कोणी विचारले? निर्णय कधी दिल्लीत झाला, कधी आमदारांच्या डोकी मोजून. उघडपणे नाराजी मांडायला जागा नसली की माणूस एक तर संन्यास घेतो, नाही तर घर फोडतो. दादांच्या कारकिर्दीत दोन्ही घडले.

जर्मनीच्या 1949 च्या राज्यघटनेत, कलम 21 मध्ये, राजकीय पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरूनच असली पाहिजे, असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडे 1985 मध्येच 52 वी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदी आली. बाहेर जाण्याच्या दाराला कुलूप लावले. पण घरात बोलण्याची सोय काही केली नाही. परिणाम दिसतोच आहे. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि खरा पक्ष कोणाचा, हे निवडणूक आयोगाला ठरवावे लागले.

राजकारण्यांना नावे ठेवणे सोपे आहे. गेल्या वर्षी आपल्या वाङ्मय मंडळाच्या चिटणीसपदासाठी आम्ही दोघे इच्छुक होतो. मतदान झाले नाही. एकाचे नाव परस्पर जाहीर झाले. ते माझे नव्हते. मी काय केले? चारसहा मित्रांना घेऊन मंडळाकडे पाठ फिरविली आणि भित्तिपत्रकाचे दोन अंक निघालेच नाहीत. संन्यासही घेतला आणि घरही फोडले! वास्तविक मी उभा राहून "मतदान घ्या" एवढे म्हणायला हवे होते. हरलो असतो तर निदान हरलो म्हणून काम केले असते.

मित्रहो, यंदा मंडळाची पहिली सभा होईल तेव्हा मी ते म्हणणार आहे. प्राध्यापकांनीही याला उद्धटपणा समजू नये, ही विनंती. पक्षात जी सवय लागत नाही ती निदान वर्गात तरी लागू द्या. नाही तर उद्या आमच्या नातवंडांनाही आम्ही हेच सांगत बसू, की अमक्याला घरच्यांनीच पाडले.